खंडेनवमीची नोंद

विद्याश्री बिराजदारने त्या शुक्रवारी सकाळपासून वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, आवाज शंभरेक वेळा तरी ऐकला असेल. त्यांना फोन मात्र चार दिवसांत एकदाही केला नव्हता.

आवाज होता दोनच शब्दांचा. मागे रेडिओवरची, नेमकी वेळ सांगणारी टिक्‌टिक्, दर सेकंदाला एक. मध्येच लांबवर कुत्रं भुंकायचं. मग अप्पा म्हणायचे, "गेला." आणि सव्वा सेकंदाने, "आला." विद्याश्री ध्वनिमुद्रण मागे घ्यायची, कानांवरचा हेडफोन घट्ट करायची आणि पुन्हा ऐकायची. गेला. आला. पुण्यातल्या त्या थंडगार खोलीत बसून जतच्या गच्चीवरचे दोन शब्द सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचे, हेच सध्या तिचं काम होतं.

गेला आणि परत आला तो एक तारा, मध्ये त्याच्या आड आला होता एक धूमकेतू. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार अडतीस साली, तो पहिल्यांदा दिसला. सूर्यमालेच्या पार बाहेरून आलेला, सूर्याला एकच वळसा घालून कायमचा निघून जाणारा. त्याला लांबलचक आकड्यांचं नाव होतं, पण अप्पा त्याला पाहुणा म्हणत आणि मग विद्याश्रीही तेच म्हणू लागली. पाहुण्याला भेटायला एक छोटं यान निघालं होतं. त्याचंही सरकारी नाव भलंमोठं, म्हणून सगळे त्याला टिटवी म्हणत. रविवारी सकाळी टिटवी पाहुण्यापासून दीड हजार किलोमीटरवरून सुसाट निघून जाणार होती. थांबायची सोय नव्हती, मागे वळायचीही नाही. त्या काही सेकंदांत तिच्या कॅमेऱ्याने जे टिपलं तेच काय ते मिळणार.

अडचण अशी होती, की धूमकेतूचा खरा गाभा, म्हणजे बर्फाचा आणि धुळीचा तो पंधरा किलोमीटरचा गोळा, टिटवीला दिसतच नव्हता. त्याच्याभोवती धुळीचा उजळ ढग होता. दाट धुक्यात रस्त्यावरचा दिवा नेमका कुठे आहे ते कळत नाही, नुसता पसरलेला उजेड दिसतो, तसं. त्यातून गाभ्यावरून धुळीचे फवारे उडत असले तर उजेडाचा मध्य एका बाजूला ओढला जातो. आणि टिटवीच्या कॅमेऱ्याची चौकट जवळून जाताना जेमतेम वीस किलोमीटर रुंदीची. नेम अठरा-वीस किलोमीटरने चुकला, तर सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे काळ्या आकाशाचा स्वच्छ फोटो.

म्हणून जमिनीवरून मदत घ्यायची ठरली. सोमवारी संध्याकाळी पाहुण्याचा गाभा एका ताऱ्यासमोरून सरकणार होता. धूळ ताऱ्याचा उजेड अडवू शकत नाही, घट्ट गाभा अडवतो. तारा नेमका कधी विझला आणि कधी पुन्हा पेटला हे पृथ्वीवरून कळलं, तर गाभा त्या क्षणी कुठे होता ते काटेकोर सांगता येतं. गाभ्याची सावली पृथ्वीवरून सेकंदाला बारा किलोमीटर वेगाने पळणार होती. म्हणजे वेळेत एका सेकंदाची चूक, की जागेत बारा किलोमीटरची.

सावलीच्या पट्ट्यात तेरा ठिकाणी माणसं दुर्बिणी लावून बसली होती. बारा ठिकाणी ढग आले. तेरावं ठिकाण होतं जत, जिथे ढग येतात ते फक्त पुढे निघून जायला. तिथे आपल्या घराच्या गच्चीवर शिवलिंग बिराजदार, वय वर्षं पंच्याहत्तर, बसस्टँडसमोर चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले, दोन दुर्बिणी मांडून बसले होते. मोठीला कॅमेरा, छोटीला स्वतःचा डोळा. त्या दिवशी सूर्यावर वादळ उठलं होतं, उपग्रहांकडून येणारी वेळ पार विस्कटली, आणि कॅमेऱ्याने नोंदवलेले सेकंद कशालाच जुळेनात. तारा सव्वा सेकंद विझला होता एवढंच त्यातून कळलं. कधी विझला, ते फक्त अप्पांनी सांगितलं. जुन्या रेडिओवरची टिक्‌टिक् आणि त्यात त्यांचे दोन शब्द.

"माणसाच्या तोंडावर भरवसा ठेवायचा?" दुपारच्या बैठकीत डॉक्टर फिरोज इनामदारांनी विचारलं. ते मोहिमेचे प्रमुख. सहा वाजता टिटवीला शेवटची आज्ञा पाठवायची होती. "तारा विझल्याचं दिसणं आणि तोंडातून शब्द निघणं यात वेळ जातोच ना?"

"जातो. त्यालाच आम्ही दुरुस्ती म्हणतो," विद्याश्री म्हणाली. "प्रत्येकाची वेगळी असते. अप्पांची तीस शतांश सेकंद. तीस वर्षं तेवढीच आहे."

"हे कुणी ठरवलं?"

"त्यांनीच. दर खंडेनवमीला मोजतात."

हे सांगताना तिला हसू आलं. खंडेनवमीला सगळं गाव आपापली हत्यारं पुसून पूजेला मांडायचं. अप्पा चिमटे, भिंग, बारीक पेचकस मांडत, झेंडू वाहत आणि मग म्हणत, "डोळा आणि जीभ राहिली की. ती पण हत्यारंच." एका गजराच्या घड्याळातून त्यांनी एक यंत्र केलं होतं. त्यातला छोटा दिवा मनाला येईल तेव्हा विझायचा. दिवा विझला की अप्पा "गेला" म्हणायचे. लहानगी विद्या शेजारी बसून दोन्हींतलं अंतर मोजायची आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची. पन्नास वेळा मोजून सरासरी. शून्य पॉइंट तीस. एखाद्या वर्षी एकतीस. इतर पोरींना बापाच्या मिशीचा अभिमान असतो, हिला बापाच्या तीस शतांशाचा होता.

"आणि यंदा?" इनामदार म्हणाले.

"सोमवारी संध्याकाळी विचारलं मी फोनवर. तीच की, म्हणाले."

इनामदारांनी पडद्यावर दोन खुणा दाखवल्या. एक टिटवीला दिसणाऱ्या उजेडाचा मध्य. दुसरी अप्पांच्या वेळेवरून काढलेली गाभ्याची जागा. दोन्हींत बावीस किलोमीटरचं अंतर होतं.

"एवढा फरक फवाऱ्याने पडू शकतो?"

"पडू शकतो. जोराचा फवारा असला तर."

"पडू शकतो आणि पडलाय यात फार अंतर असतं, विद्याश्री. तुझे वडील म्हणून तू…"

"माझे वडील म्हणून नाही, सर." तिचा आवाज जरा चढला. "तेरा जणांत एकट्याने तारा पाहिलाय. टिटवीला नुसता उजेड दिसतोय. तुम्ही डोळस माणसाला सोडून धुक्याचं ऐकणार असाल तर ऐका."

इनामदारांनी दोन्ही खुणा पुन्हा निरखल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझा आकडा घेऊ. साडेपाचला सही कर."

जिंकल्याच्या तोऱ्यातच ती जागेवर आली. डबा तसाच पडला होता. पहिला घास घेते न घेते तोच आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवतेच आहे गं. आई, अप्पांना सांग, त्यांचाच आकडा घेतला. सगळ्यांना गप्प केलं मी."

पलीकडे आईने ते नुसतं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मी सोमवारी तुला व्हिडिओ पाठिवलेला. अजून निळ्या खुणा झाल्या न्हाईत त्याच्या."

"कामात होते गं. बघते."

"बघ. आणि अप्पास्नी सांगू नगंस मी पाठिवला म्हणून."

विद्याश्रीने चपातीचा तुकडा एका हातात धरूनच व्हिडिओ लावला. आईने गच्चीच्या दारातून घेतलेला. थरथरता, तिरका. डावीकडे टेबलावर कॅमेऱ्याचा पडदा, त्यावर धूसर डाग आणि डागाच्या मधोमध टपोरा तारा. उजवीकडे छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेले अप्पा. केवढे वाळले होते! उजवा हात मांडीवर ठेवलेला आणि तो हात आपला आपण हलत होता, जणू काही मोजत होता. डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला. रेडिओची टिक्‌टिक् चालूच होती.

पडद्यावरचा तारा विझला.

पडद्यावरचा तारा पुन्हा लागला.

आणि मग अप्पा म्हणाले, "गेला."

विद्याश्रीच्या हातातला तुकडा डब्यात पडला. तारा परत आला होता. डोळ्यांदेखत आला होता. आणि अप्पा आत्ता कुठे तो गेल्याचं सांगत होते. शांतपणे, खात्रीने, आपण अगदी वेळेवर बोललो या समजुतीत. मग सव्वा सेकंदाने ते म्हणाले, "आला," आणि दुर्बिणीवरून मान काढून आईकडे बघून हसले. ते हसूही चेहऱ्यावर उमटायला वेळ लागला.

मोजायलाच हवं होतं. तिने मोजलं. पडद्यावर चित्र यायला लागणारा क्षणभराचा उशीर हिशेबात धरला, टिक्‌टिक् जुळवली, चार वेळा पडताळलं. एक पॉइंट ऐंशी सेकंद. दोन्ही शब्द सारखेच उशिरा आले होते, म्हणून नुसत्या ध्वनिमुद्रणात काहीच खटकलं नव्हतं. जुन्या तीस शतांशापेक्षा दीड सेकंद जास्त. दीड गुणिले बारा, अठरा किलोमीटर. बावीसातून अठरा गेले, राहिले चार. म्हणजे धुकं खरं बोलत होतं. जोराचा फवारा वगैरे काही नव्हता. होते फक्त तिचे अप्पा.

तिने आईला फोन लावला. "कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू दोन-तीन दसऱ्याला आली न्हाईस. फोनवर कसं सांगायचं?" आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "यंदा खंडेनवमीला यंत्र काढलं त्यांनी. पुसलं, हळदकुंकू लावलं आणि तसंच ठिवून दिलं. मोजलंच न्हाई. आणि सोमवारी गोळी पण घेतली न्हाई. गोळीनं झापड येती, विद्याचं काम हाय, म्हणाले. म्हटलं, तू एकदा डोळ्यांनी बघ. माझ्या तोंडातनं निघंना."

विद्याश्रीने फोन ठेवला. 'तीच की गं, बदलायला काय झालंय?' अप्पा सोमवारी म्हणाले होते. आता तिला आठवलं, त्या उत्तराआधीही एक रिकामी जागा होती. तिला वाटलं होतं, फोनची लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. तीच घाईत होती, दुसऱ्या बाजूने शब्द यायच्या आत आपला पुढचा शब्द टाकत होती. चार दिवस ती ज्या आवाजाचे हजारावे भाग मोजत बसली होती, तो आवाज तिने ऐकलाच नव्हता. स्वतःची तिला लाज वाटली.

सव्वापाचला ती इनामदारांच्या खोलीत गेली. व्हिडिओ लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "गेला" ऐकू आल्यावर इनामदारांनी हात पुढे करून तो थांबवला.

"आकडा बदलायचाय," ती म्हणाली. "एक पॉइंट ऐंशी. गाभा उजेडाच्या मध्यापासून चारच किलोमीटरवर आहे. तुमचा संशय बरोबर होता."

"माझा संशय निरीक्षण टाकून द्यायचा होता. ते चुकलंच असतं," इनामदार म्हणाले. "हे चार किलोमीटर आपल्याला यांच्याशिवाय कळले नसते." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"आजार माहीत आहे. हे नाही. आपला तारा आपण नीट पकडला असंच त्यांना वाटतंय."

"अहवालात निरीक्षकाच्या नावापुढे दुरुस्ती छापावी लागते."

"छापा."

"अहवाल मार्चमध्ये निघेल." इनामदारांनी चष्मा काढून पुसला. "आत्ता सही कर आणि गाडी पकड. रविवारी फोटो इथे आला काय, तिथे आला काय, सारखाच."

शनिवारी दुपारी ती जतला पोचली. दार अप्पांनीच उघडलं. "तू?" हा एक शब्द यायला किती वेळ लागला ते तिने मोजलं नाही. मोजायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. पण तीस वर्षांची सवय, मनात आपोआप टिक्‌टिक् सुरू झालीच.

अप्पा खुशीत होते. भिंतीवर त्यांनी मोठा कागद चिकटवला होता. त्यावर टिटवीला दिसणाऱ्या उजेडाचा मध्य, आणि त्यापासून बावीस किलोमीटरवर पेन्सिलीने काढलेला गोल. अक्षर मात्र एवढंसं, मुंग्यांच्या रांगेसारखं झालं होतं. "ह्यो बघ माझा गाभा," ते थांबत थांबत म्हणाले. "तुझं सायब लोक काय म्हणत हुते, म्हातारा चुकला?"

"म्हणत होते. मी ऐकून घेतलं नाही."

अप्पांचा चेहरा आता फारसा हलत नसे, पण डोळ्यांत आनंद दिसला. विद्याश्रीला तो बघवला नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने ती आत गेली.

रविवारी सकाळी दहाला तिघं पडद्यासमोर बसली. आईने आंघोळ करून देवाजवळ दिवा लावला होता, जसा काही कुणाचा परीक्षेचा निकाल लागणार होता. टिटवीहून निघालेला फोटो ओळीओळीने उतरू लागला. आधी काळोख. मग राखाडी कड. मग खड्ड्यांनी भरलेला, एका बाजूने चेपलेला तो गोळा, अख्खा, चौकटीच्या बरोबर मधोमध. सूर्यमालेबाहेरून आलेला दगड इतक्या जवळून माणसाने त्याआधी पाहिला नव्हता. पुण्याहून फोनवर ओरडण्याचा, टाळ्यांचा आवाज आला. आईने हात जोडले.

अप्पा फोटोच्या कोपऱ्यातले आकडे बघत होते. नेम कुठे धरला होता, ते तिथे लिहिलेलं असतं, हे विद्याश्री विसरली नव्हती. फक्त अप्पा तिकडे बघणार नाहीत अशी वेडी आशा तिने केली होती. घड्याळजी तबकडीवरची फुलं बघत नाही.

"माझी दुरुस्ती किती धरलीस?" अप्पांनी विचारलं.

आयुष्यात आकड्याच्या बाबतीत ती अप्पांशी कधी खोटं बोलली नव्हती. एकदा लहानपणी कंटाळून पन्नासाऐवजी चाळीसच वेळा मोजलं होतं, तर रडत रडत येऊन कबूल केलं होतं.

"तीस," ती म्हणाली. "तीच की."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. हलणारा उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला आणि ओठ किंचित हलले. बावीस वजा चार, अठरा. अठरा भागिले बारा. ही भागाकाराची सोपी उदाहरणं त्यांनीच तिला शिकवली होती.

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "फोटो झ्याक आलाय." मग आईला म्हणाले, "च्या टाक."

दुपारी अप्पांचा डोळा लागला. भिंतीवरचा कागद कुणीतरी काढून गुंडाळून ठेवला होता. विद्याश्री परतीची पिशवी भरत होती. चार्जर शोधायला तिने अप्पांच्या टेबलाचा खण उघडला, तर समोरच ते गजराचं यंत्र होतं, कपाळी वाळलेलं हळदकुंकू लावलेलं. त्याखाली निळ्या पुठ्ठ्याची वही.

तिने शेवटची पानं उलटली. तिच्या हातची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची, ०.३०. त्यापुढच्या दोन वर्षांना नुसती आडवी रेघ. आणि यंदाच्या पानावर, आज सकाळी लिहिलेलं असावं, शिसं अजून बोटाला लागत होतं, मुंगीच्या अक्षरात तीन ओळी:

खंडेनवमी, सन २०४१. दुरुस्ती १.८०.

कशावर मोजली: पाहुण्यावर.

विद्याने ०.३० सांगितली. तीच राहू द्यावी.

ती खाली फरशीवरच बसली. तोंडात कोंबायला पदर नव्हता, तर ओढणीचं टोक कोंबून रडली, आवाज होऊ न देता. अब्जावधी कोसांवरून एक धूमकेतू आला, एक यान त्याच्या भेटीला गेलं, आणि त्या सगळ्या पसाऱ्याने शेवटी जतच्या एका घड्याळजीला तो किती मागे पडलाय ते सांगितलं. आणि त्याने ते वहीत लिहिलं, खाडाखोड न करता, आणि पोरीचं खोटं जपून ठेवलं.

तिने वही होती तशी यंत्राखाली ठेवली. खण लावला. तोंड धुतलं. मार्चमध्ये अहवाल छापून येईल, तेव्हा दोघांनाही तो न वाचल्यासारखं करावं लागेल. ते जमेल. या घरात सगळ्यांनाच ते जमत होतं, एकट्या तिलाच उशिरा कळलं.

पाचची गाडी होती. अप्पा उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, खिडकीतून पश्चिमेकडे बघत. पाहुणा आता संध्याकाळी थोडा वेळ दिसायचा, रोज जरा मंद. महिनाभराने दिसणार नव्हता, आणि मग कधीच नाही. विद्याश्रीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पिशवी खांद्याला अडकवली. पूर्वी इथे ती "येते हं" म्हणून चालू पडायची, पाठीमागून आलेलं उत्तर जिन्यावर ऐकायची.

"अप्पा, दिवाळीला येते मी. चांगली आठ दिवस राहते," ती म्हणाली.

अप्पांनी मान हळूहळू तिच्याकडे वळवली. ओठ हलले, पण शब्द अजून आला नव्हता. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आई म्हणाली, "अगं, गाडी चुकंल." विद्याश्रीने हाताने थांब अशी खूण केली, आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली.